लॉगमध्ये सर्व क्षेम

अजमान,
शुक्रवार, दि. १८ ऑक्टोबर २००२

राजमान्य राजेश्री अंबादास विठोबा मयेकर, निवृत्त पोस्टमास्तर, मुक्काम वेसवडी बंदर, जिल्हा रत्नागिरी, यांचे सेवेशी खैरुद्दीन हुसेन परकार याजकडून सलाम व नमस्कार. (दोन्ही पाठवीत आहे, आपण आजवर दोन्ही ठेवून घेतले आहेत, तसेच याही वेळी घ्यावेत.) येथे मी, चिरंजीव जहूर, सूनबाई एमान व नातू उझैर असे सर्वजण खुशाल आहोत. माझी प्रकृती उत्तम असून भूक, झोप आणि आवाज हे तिन्ही पूर्वीप्रमाणे आहेत. उन्हाळा आता उतरणीस लागला आहे व सायंकाळी समुद्राच्या कडेने फिरता येते. समुद्र येथेही आहे. मात्र तो आपल्याकडल्यासारखा आरडाओरड करीत नाही, परवाना संपण्याच्या भीतीने गप्प असल्यासारखा पडून असतो. अक्षरे या वेळी मोठी काढली आहेत ती आपल्या वयाचा विचार करून. मरियमबीस तिच्या भावाचा सलाम सांगावा. तिच्यासाठी मऊ तळाच्या चपलांचा जोड घेऊन ठेवला आहे, तो ईदला मी स्वतः घेऊन येईन, तोवर तिने अनवाणी विहिरीवर जाऊ नये, असेही सांगावे.

आपले गणपतीनंतरचे पत्र पोचले. त्यापूर्वीचेही पोचले. अलीकडे आपली पत्रे अत्यंत आटोपशीर व भारदस्त होऊ लागली आहेत, याबद्दल आपले अभिनंदन केले पाहिजे. पूर्वी आपल्या पत्राला शेंडाबुडखा नसे. मरियमबीची कोंबडी आपल्या पडवीत येऊन अंडे घालते, ती बया ते अंडे मागण्यास येते, येते ती आपल्या मंडळींशी भांडून जाते, आणि जाताना पुन्हा पडवीतली केळी नेते, असे आपण चार चार पाने लिहीत असा व मुख्य मजकूर लिहिण्यास जागा उरत नसे. आता मात्र ‘इकडील सर्व क्षेम आहे. मरियमबी सुखरूप आहेत. काळजी नसावी,’ एवढ्यातच आपण आटोपता. हे पत्र आपल्या खातू मास्तरांनी शाळेच्या भिंतीवर लावले असते. (त्यांनी माझी दोन लावली होती, आपले एकही नाही, हे आपल्या स्मरणात असेलच.) टेलिफोनवर मरियमबीचा आवाज पावसाळ्याच्या आधीपासून आलेला नाही. तिची सून शहरबानू फोन उचलते. सासूबाई नमाजास बसल्या आहेत, सासूबाई वाडीत नारळ वेचीत आहेत, सासूबाईंचा नुकताच डोळा लागला आहे, असे ती अदबीने सांगते. ज्या दिवशी नमाजास बसल्या होत्या त्या दिवशी मी तासाभराने पुन्हा फोन लावविला, तेव्हाही त्या नमाजातच होत्या. इतका प्रदीर्घ नमाज माझी बहीण पढली असेल असे तिच्या स्वभावावरून वाटत नाही. तथापि मी काळजी करीत नाही. आपण काळजी नसावी असे लिहिले आहे.

आता इकडील हकीकत. जहूरचे मोटारींच्या जुन्या सुट्या भागांचे दुकान शारजाच्या औद्योगिक भागात आहे, हे आपण जाणता. त्याच्या मनाने घेतले की गिऱ्हाइकाने अल ऐन, फुजैरा येथून धूळ खात येण्यापेक्षा इंटरनेटवर दुकानाचे एक पान असावे. गिऱ्हाइकाने त्यावर गाडीचे नाव व हवा तो भाग लिहावा, बटण दाबावे, आणि ती मागणी मागील गोदामातल्या दुसऱ्या काँप्युटरात जाऊन बसावी. हे काम त्याने सत्यजित नावाच्या सांगलीकडील गृहस्थास दिले. सत्यजित दुबईत एका कचेरीत नोकरीस असून गुरुवारी दुपारनंतर आमच्याकडे येतो. हुशार आहे, परंतु चहा पिताना बशी वापरीत नाही. पान तयार झाले. त्यावर लक्ष कोणी ठेवावे हा प्रश्न निघाला, कारण जहूर दिवसभर गोदामात व दुकानातील माणसे गिऱ्हाइकांत. ते काम माझ्याकडे आले. (मी मागितले नव्हते. बंदरखात्यात सेवा केलेल्या माणसाकडे जबाबदारीची कामे आपण होऊन येतात. तेथील माझे हुद्दे आपण कोणास सांगू नयेत.)

त्या यंत्राची रीत अशी की, चालताना आपण काय काय केले ते प्रोग्राम स्वतःच एका फाईलमध्ये लिहीत जातो. तिला लॉग म्हणतात. प्रत्येक ओळीत आधी वेळ, मग त्या बातमीची पातळी, मग मजकूर. पातळ्या चार. डीबग म्हणजे शिंकेपासून जांभईपर्यंत सर्व. इन्फो म्हणजे पार पडलेली कामे. वॉर्न म्हणजे कुरकुर. आणि एरर म्हणजे बिघाड. दुसऱ्या एका लहानशा फाईलमध्ये एक ओळ असते. तीत जी पातळी लिहाल तिच्या खालचे काही लॉगात येत नाही. मजकूर इंग्रजीत असल्याने मी हरकत घेतली. सत्यजित म्हणाला, “मग काका, तुम्हीच सांगा काय लिहू. इंग्रजी अक्षरांत मराठी टाकतो.” बंदरावर जहाजांच्या कपाळावरची नावे वाचून वाचून इंग्रजी अक्षरे मला पाठ झालेली आहेत. त्याने सारे मजकूर एका जागी काढून दिले, ते कसे बदलावेत व पातळीची ओळ कोठे आहे हे दाखविले, आणि पडद्यावरील अक्षरे दुकानाच्या पाटीएवढी मोठी करून दिली (माझ्या कामास शोभावीत म्हणून). येथेच त्याची चूक झाली असे तो आता म्हणतो.

आरंभी पातळी डीबगवर होती. अंबादासराव, तो प्रकार मला एक दिवसही सोसला नाही. पान उघडले. पान मिटले. कोणी बटणावर बोट नेले व मागे घेतले. मागणी आहे का पाहिले, नाही. पुन्हा पाहिले, अजूनही नाही. पडद्यावरून ओळी अशा धावत होत्या की मला मरियमबीपाशी बसल्याचा भास झाला. तीही अशीच. मुलाचे लग्न ठरल्याचे सांगण्यास बसली तरी आधी त्या दिवशी मासळीवाली कोणत्या वाटेने आली तेथून प्रारंभ करावयाची. तिला मी आयुष्यभर सांगत आलो की, बाई, मुद्द्याचे बोल. ते तिने ऐकले नाही. यंत्राने ऐकले. मी पातळी इन्फोवर आणली आणि पडदा एकदम शांत झाला.

आता दिवसभरात मोजक्या ओळी येऊ लागल्या, परंतु त्यांत रीतभात नव्हती. ‘मागणी नोंदली.’ एवढेच. कोणी कोणास सांगितले, कोणत्या भावनेने सांगितले, काही नाही. असा मजकूर माझ्या देखरेखीखाली मालकाच्या वाचनात जाणे मला प्रशस्त वाटेना. मी तो असा सुधारला: ‘साष्टांग विनंती विशेष. आपल्या आशीर्वादाने एक मागणी आज सुखरूप येऊन पोचली असून ती गोदामाकडे रवाना केली आहे. इकडील यंत्र खुशाल आहे. आपली खुशाली असावी. कळावे, लोभ आहे तो वाढावा.’ (साष्टांग हा शब्द यंत्राने यंत्राच्या मालकास वापरावा की नाही याचा मी बराच विचार केला. यंत्रास अंग एकच आहे, परंतु नम्रता हवी.) पान उघडल्यावर येणाऱ्या ओळीलाही मी मायना व समाप्ती जोडली. नातू उझैर याने ते पाहून “दादा, इट्स ओन्ली अ फाईल,” असे उत्तर केले. या मुलाला पत्राचा मायना म्हणजे काय हे कोणी शिकविलेले नाही, आणि आता शिकवून तो कोणास पत्र लिहिणार हेही समजत नाही.

पुढल्या गुरुवारी सत्यजित आला तो कपाळाला हात लावून बसला. फाईल सुजली होती म्हणे. “काका, हे लॉग आहे की लग्नपत्रिका?” असे त्याने विचारले. मी सांगितले की लग्नपत्रिकेत किरकोळ आप्तांची नावे असतात, यात ती नाहीत. मजकुरास हात लावण्याचे धैर्य त्याला झाले नाही, कारण जहूर शेजारी उभा होता आणि जहूर माझ्यासमोर अजून खुर्चीवर बसत नाही. म्हणून त्याने दुसरी तजवीज केली. फाईल भरली की ती बाजूला ठेवून नवी सुरू व्हावी, अशा थोड्याच ठेवाव्यात, आणि जागा कमी पडली की त्यांतील सर्वांत जुनी आपोआप पुसली जावी. मी विचारले, सर्वांत जुनीच का? तो म्हणाला, “तिच्याकडे कोणी बघत नाही, काका.” चहा त्या दिवशी मला कडू लागला.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. एररचे मजकूर अद्याप तसेच होते: ‘मागणी नोंदता आली नाही. बिघाड. बिघाड.’ अंबादासराव, जहूरला रक्तदाब आहे. रात्री घरी जाण्यापूर्वी तो दिवसाचा लॉग वाचतो. परमुलखात कष्ट करणाऱ्या माणसाच्या तोंडावर असा मजकूर फेकावयाचा ही आपली रीत नव्हे. ती रीत आपणा दोघांना तरी कोणी शिकवावयास नको. पोस्टाच्या पडवीत बसून आखाती मुलखातल्या माणसांच्या घरची पत्रे मी लिहिली आणि आपण ती शिक्का मारून रवाना केली. घर गळो, म्हैस मरो, माणूस जावो, पत्रात ‘सर्व क्षेम’ असेच गेले, कारण तिकडचा माणूस ऐकून काय करणार? रजा नाही, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. नुसता अन्नावरून उठेल. रजेवर आला की उंबऱ्यात कळेल, तेव्हा आधार द्यायला चार माणसे असतील. खातू मास्तर म्हणत, वाईट बातमी म्हणजे माशाचा काटा, ती भाताच्या घासात दडवून द्यावी. त्याप्रमाणे मी एररचा मजकूर असा केला: ‘इकडील सर्व क्षेम आहे. मागणी विश्रांती घेत आहे. काळजी नसावी. सवडीने येऊन जावे.’

या मजकुरात मला आजही भाषेचा दोष दिसत नाही.

झाले असे की, गोदामात झाडणाऱ्याच्या झाडूने दुसऱ्या काँप्युटरची वायर निसटली. पान चालूच होते. गिऱ्हाईक बटण दाबी, पान त्याचे आभार मानी, आणि मागणी वाटेत कोठेतरी नाहीशी होई. लॉग तेवढा इमानाने लिहीत होता: सर्व क्षेम आहे, मागणी विश्रांती घेत आहे. मी दिवसभर पाहत होतो व समाधान पावत होतो. रात्री जहूर विचारी, “अब्बा, सब ठीक?” मी म्हणे, वाचून पाहा. तो डोळ्यांवर झापड घेऊन दोनचार ओळी वाची, क्षेम हा शब्द पाही व दिवा मालवी. धंदा मंदावला आहे याचे कारण तो रमजान तोंडावर आला असे देई. शेजारचे दुकान मात्र रमजान तोंडावर असतानाही भरून वाहत होते.

अखेर मंगळवारी अल ऐनहून एक गिऱ्हाईक प्रत्यक्ष येऊन थडकले. एका गिअरबॉक्ससाठी त्याने वारंवार बटण दाबले होते व प्रत्येक वेळी आभार घेऊन स्वस्थ बसला होता. तिकडे त्याच्या गॅरेजात एका अरबाची गाडी उघडी पडून होती व अरब रोज येऊन तिच्याकडे व मग याच्याकडे पाहत होता. “यल्ला, कुठाय तुमचा मालक? आभार नकोत मला, गिअरबॉक्स द्या!” असे तो ओरडत आत आला आणि मला पाहून थबकला. तो आपल्या वेसवडीचा अन्वर. खालच्या आळीच्या दाऊदमियाँचा मुलगा. केस पांढरे झाले आहेत, पण चालताना डावा खांदा अजून पाडतो.

जहूरने लॉग उघडून त्याच्यापुढे धरला व शपथेवर सांगितले की आमच्याकडे काही बिघाड नव्हता. अन्वरने पडदा वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि हसू लागला. हसता हसता खुर्चीत बसला.

“खैरुद्दीनचाचा, हे तर माझ्या घरचं पत्र!”

तो जहूरला म्हणाला, “माझा बाप गेला तेव्हा असंच आलं होतं. वडील पूर्ण विश्रांती घेत आहेत, काळजी नसावी. मी त्यांच्यासाठी ब्लँकेट घेतलं, निळं, जाडजूड. रजेवर गेलो, दारात उभा राहिलो ब्लँकेट घेऊन, तर आईचे हात बांगड्यांवाचून मोकळे.”

मी विचारले, त्या पत्राच्या भाषेत काही दोष होता काय?

“दोष नव्हता चाचा, तेच तर! त्यावरूनच मला कळलं. आईची पत्रं म्हणजे गोंधळ असायचा. बकरी, भाऊबंद, बापाचा खोकला, सगळं एकात एक. एक दिवस पत्र आलं ते एकदम सरकारी. बकरी नाही, खोकला नाही. क्षेम. म्हटलं, खलास. गेला बाप.”

जहूरने विचारले, “मग ब्लँकेट कशाला घेतलंस?”

“नसतं घेतलं तर मीच मारल्यासारखं झालं असतं रे त्यांना,” अन्वर म्हणाला, व त्याने नाक शिंकरले.

चहा आला. तो मी बशीत ओतला आणि बशीतच राहिला. जहूर मला एक शब्द बोलला नाही. तो झाडणाऱ्यास बोलला, एसीस बोलला, दुबईला फोन करून सत्यजितला बोलला. मला निघताना एवढेच म्हणाला, “अब्बा, इथे वाईट खबर आधी पाहिजे.” मी त्यास म्हणालो की वाईट खबर आधी देण्याची आपल्या घराण्यात रीत नाही. तो म्हणाला, “माहीत आहे,” आणि गाडीचे दार माझ्यासाठी धरून उभा राहिला. मात्र शारजा ते अजमान सर्व गर्दीत रस्त्याकडेच पाहत होता. मी विचारले, वेसवडीचे काही पत्र, काही फोन? तो म्हणाला, “सर्व ठीक आहे, अब्बा.” फार नीट म्हणाला.

काल सत्यजित येऊन सारे पूर्ववत करून गेला. पातळी पुन्हा डीबगवर आहे. एरर वेगळ्या फाईलमध्ये जाते, तिचा मजकूर इंग्रजीत आहे, आणि ती आली की यंत्र किंचाळते. मला फक्त पाहण्याची मुभा आहे. जाताना तो म्हणाला, “काका, डीबग बंद केलं की फाईल शांत होते. प्रोग्राम बरा होत नाही.” हे त्याने मला लागावे म्हणून म्हटले नसावे, तो तसा सरळ आहे. मी संध्याकाळपर्यंत पडद्यापुढे बसून होतो. पान उघडले. पान मिटले. बोट नेले, मागे घेतले. मागणी आहे का पाहिले, नाही. पुन्हा पाहिले. चालू दे म्हटले, बाई, चालू दे.

पत्र लांबले. इतके क्षुल्लक लिहिण्याची माझी पद्धत नव्हे, हे आपण जाणता. घरातील लहानथोरांस यथायोग्य सांगावे.

आपला स्नेहांकित,
खैरुद्दीन हुसेन परकार

ता. क. एक विनंती राहिली. यापुढील पत्र आपण पूर्वीच्याच गबाळ्या पद्धतीने लिहावे. कोंबडी हल्ली अंडे कोठे घालते? ते मागण्यास कोण येते? आल्यावर आपल्या मंडळींशी भांडण होते काय? होत नसल्यास, केव्हापासून होत नाही, तेही लिहावे. मी अन्नावरून उठणार नाही. उठलो तरी येथे चार माणसे आहेत.

ता. क. दुसरे. मोठ्या अक्षरांविषयी वर जे लिहिले आहे ते तितकेसे बरोबर नाही. माझा उजवा डोळा गेला असून डावा त्याच्या मागोमाग निघाला आहे. आपली पत्रे गेले वर्षभर एमान मला वाचून दाखवते. ती ज्या सुरेख भाषेत वाचते ती आपली आहे की तिची, हे मला कळावयास मार्ग नाही. लग्नानंतर जहूर इकडे व ती तिकडे असताना त्याची पत्रे तिला व तिची त्याला माझ्याच हातून सुधारून जात असत. तिची भाषा माझ्यावर घडलेली आहे. तेव्हा आपण मागेच सारे लिहून चुकला असाल, तर वर केलेल्या अभिनंदनाबद्दल क्षमा असावी. यापुढील पत्र दुकानाच्या पत्त्यावर, माझ्या नावे पाठवावे. काळी शाई वापरावी. अक्षर अंगठ्याएवढे काढावे, म्हणजे माझे मला वाचता येईल. दोन ओळी पुरतील.

ता. क. तिसरे. चपला मात्र मी आणणारच आहे.

ता. क. शेवटचे. मरियमबी असल्यास तिला पहिला परिच्छेद तेवढा वाचून दाखवावा. डोळ्याचे सांगू नये. मोठ्याने वाचावा, आणि तिच्या डाव्या बाजूस बसून. उजव्या कानाने तिला पूर्वीपासून कमी येते.